रामाचार्य मास्तरांच्या दोन पिशव्या

औरादच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर रामाचार्य नावाचे मास्तर होते. त्यांच्याशी गप्पा मारायच्या म्हणजे कचेरीत साक्ष द्यायला उभं राहायचं. आपण सहज म्हणावं, "मास्तर, खटकचिंचोळीला काल गारा पडल्या म्हणे," की त्यांचा चष्मा कपाळावर चढलाच. "पाहिलंत की ऐकलंत?" ऐकलं म्हटलं की, "कुणाकडून? त्यानं तरी पाहिलंय का?" शेवटी गारा राहायच्या बाजूला आणि आपण उगीच तोंड उघडलं असं वाटायचं. आम्ही बाकीचे मास्तर त्यांची फार टिंगल करायचो. डबा उघडला की मी म्हणायचो, "मास्तर, भाजी खारट आहे. चाखून सांगतोय, ऐकीव नाही." त्यावरही ते हसत नसत. एक फोड स्वतः खाऊन बघत आणि मग मान डोलवत.

मी अंकुशराव. गणित शिकवायचो. निजामाच्या राज्यातल्या रझाकारीच्या दिवसांवरची भाषणं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. जे तेव्हा सरहद्दीपलीकडे सोलापूरला जाऊन निवांत बसले होते ते आता व्यासपीठावर उभे राहून छाती काढतात, आणि जो माणूस खरोखर राबला त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मास्तरांचं घर लहान. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ वादिराज आणि त्याची बायको मालतीबाई, एवढाच संसार. घरात कानडी, दारात मराठी आणि शाळेत उर्दू असा तिहेरी कारभार. वादिराज भिक्षुकी करायचा. थोरला जितका कोरडा तितका धाकटा गमत्या. लग्न लावताना मुलीकडच्या म्हाताऱ्यांना हसवून हसवून रडवायचा. भावाच्या वस्तू न विचारता वापरणं हा त्याचा हक्क होता आणि त्यावरून दोघांची रोज झकाझकी व्हायची.

रझाकारीचे दिवस आले आणि आमच्या भागात अफवांना ऊत आला. रझाकारांच्या हत्यारबंद टोळ्या फिरायच्या. कुठे घर जळलं, कुठे माणूस मारला, कुठे बैलं हाकून नेली, रोज काहीतरी कानावर यायचं. पण एका गावात एक गंजी जळाली की औरादच्या बाजारात येईपर्यंत अख्खं गाव जळालेलं असायचं. आणि जिथे खरोखरच गाव जळालं होतं तिथली बातमी सांगायला कुणी उरलेलंच नसायचं.

अशात गुलबर्ग्याचे एक वकील पांडुरंगराव आमच्याकडे आले. वकिली बंद करून ते सरहद्दीपलीकडे निर्वासितांच्या छावणीत काम करत होते. मिरच्यांचे व्यापारी म्हणून ते बाजाराच्या दिवशी यायचे. मास्तरांच्या ओसरीवर बसून ते म्हणाले, "पुढं कुणी या दिवसांचा अभ्यास करायला बसला तर त्याला भाषणं भरपूर मिळतील, माहिती मिळणार नाही. कुठल्या गावात, कुणाला, कुणी, काय केलं, एवढंच पाहिजे. गोळा करून द्याल का?"

ते गेल्यावर मास्तर मला म्हणाले, "या माणसाला अक्कल आहे." हे शब्द त्यांच्या तोंडून मी कुणाबद्दलही ऐकले नव्हते. माझ्याबद्दल तर नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. परीक्षेच्या जुन्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूंच्या त्यांनी चिठ्ठ्या कापल्या. एक घटना, एक चिठ्ठी. मालतीबाईंनी दोन पिशव्या शिवून दिल्या, एक लाल खारव्याची आणि एक पांढऱ्या मांजरपाटाची. ऐकलेलं सगळं लाल पिशवीत. पाहणारा माणूस भेटला आणि त्यानं खूण पटवली की चिठ्ठी पांढरीत. दोन्ही पिशव्या ज्वारीच्या कणगीत पुरलेल्या असायच्या. सापडल्या असत्या तर मास्तरांचं काय झालं असतं हे सांगायला नको.

खूण पटवणं म्हणजे काय, ते सांगतो. साक्ष देणाऱ्याला मास्तर कधीही आधी खुनाबद्दल विचारत नसत. "तू तेव्हा काय करत होतास? ऊन कुठल्या बाजूनं होतं? कुत्री भुंकत होती का?" असलं काहीतरी विचारत. माणूस वैतागायचा. बंडेप्पा नावाचा एक शेतकरी तर चिडून म्हणाला, "माझा भाऊ मारलाय मास्तर, आन् तुम्ही कुत्र्याचं कामून इचारायलाव?" पण मग तोच थांबला आणि सांगू लागला की कुत्रं भुंकत नव्हतं, कारण त्याला आधीच मारून आडाजवळ टाकलं होतं. ऐकणाऱ्याला असलं काही ठाऊक नसतं. ते फक्त पाहणाऱ्यालाच ठाऊक असतं. बंडेप्पाच्या भावाची चिठ्ठी पांढऱ्या पिशवीत गेली. बंडेप्पा जाताना मास्तरांच्या पाया पडला. मास्तर अवघडून भिंतीकडे बघत राहिले.

मास्तर चुकलेही एकदा. गीताबाई नावाच्या एका सुनेला मारल्याची चिठ्ठी एका गावावरून झाली आणि कमलबाई नावाच्या लेकीला मारल्याची दुसऱ्या गावावरून. दोन्हीकडे रडारड खरी, दोन्हीकडे सुतक पाळलेलं, दोन्हीकडच्या खुणा जुळलेल्या. पुढे कळलं की बाई एकच. माहेरची कमल, सासरची गीता. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात हे मास्तरांना काय ठाऊक नव्हतं? दुसऱ्यांची लग्नं लावण्यातच घराण्याच्या पिढ्या गेलेल्या. इतके संतापले स्वतःवर की त्या दिवशी जेवले नाहीत. मालतीबाई म्हणाल्या, "भावजी, मेलेली बाई एकदाच मेली हे चांगलंच की." मास्तर म्हणाले, "चांगलंच. पण खोटं एकदा शिरलं की खऱ्यालाही कुणी विचारत नाही." तेव्हापासून बाईमाणसाचं माहेरचं नाव विचारल्याशिवाय त्यांनी चिठ्ठी केली नाही.

मग वैशाख आला. एवढ्या धामधुमीतही लग्नं व्हायची. उलट घाईनं उरकली जायची, पोरगी सासरी गेलेली बरी म्हणून. वादिराज एका लग्नाला निघाला. मास्तरांनी हौसेनं नव्या वहाणा करून घेतल्या होत्या, त्या यानं सकाळी सरळ पायात घातल्या. मास्तर ओरडले, तर हा अंगणातून म्हणतो, "दादा, वहाणा तुमच्या असल्या तरी चावतात मला. म्हणजे मीच त्यांना वठणीवर आणून देतोय." मालतीबाई हसल्या. तो गेला तो गेलाच.

लग्नघरी तो पोचलाच नव्हता. आठवड्याच्या बाजारात बातमी आली की मन्नाएखेळ्ळीच्या वाटेवर टोळीनं एका भटजीला धरलं. कुणी म्हणे कापून ओढ्यात टाकला, कुणी म्हणे नेऊन कोंडला. सांगणारे ढीगभर होते. मास्तरांनी एकेकाला विचारलं. सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. ती लाल पिशवीत गेली.

घरात मोठा वाद झाला. मास्तरांचे चुलते म्हणाले, शास्त्र सांगतं म्हणून बारा वर्षं वाट बघत बसायची ही वेळ नव्हे, सगळ्या मुलखाला ठाऊक आहे वादिराज गेला ते. पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यावा आणि मालतीनं कुंकू पुसावं. मृताचं शरीर मिळालं नाही तर तसा विधी आमच्याकडे करतातच. मास्तर एकच वाक्य बोलले. "पाहणारा माणूस आणा, मी आजच पानं गोळा करतो." चुलते तणतणत निघून गेले. वाळीत टाकायची भाषा झाली.

मला तेव्हा मास्तरांचा राग यायचा, हे खरंच सांगतो. वाटायचं, या हट्टापायी त्या बाईची फरफट चाललीय. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. हळदीकुंकवाला बोलवावं की नको म्हणून बायका कुजबुजायच्या. मालतीबाई मात्र रोज सकाळी कुंकू लावायच्या आणि संध्याकाळी मास्तर घरी आले की विचारायच्या, "आज कुणाचं लिहिलं?" मास्तर सांगायचे. वादिराजाचं नाव त्यात नसायचं. त्या मान हलवून पानं वाढायच्या. असं पावसाळाभर चाललं.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामशाही संपली. औरादला गूळ वाटला. पांडुरंगराव या खेपेला मिरच्यांशिवाय, उघड मोटारीनं आले. म्हणाले, "मास्तर, काम फत्ते. द्या त्या पिशव्या."

"काम संपलं नाही," मास्तर म्हणाले. "परवापासून पुन्हा घरं जळायला लागलीत."

पांडुरंगरावांचा चेहरा उतरला. त्यांनाही ठाऊक होतंच. फौज आली त्याच्या मागोमाग गावोगावच्या मुसलमान आळ्यांवर माणसं चालून गेली होती. टोळीत कोण होतं, कोण नव्हतं, हे विचारायला कुणी थांबलं नव्हतं. पांडुरंगराव खालच्या आवाजात म्हणाले, "ते वेगळं. ते यात घातलंत तर हे कुणी वाचणारसुद्धा नाही. ते तेवढं काढून ठेवा."

"वेगळं कसं? गाव तेच, काडी तीच. मग कशाचा अभ्यास करणार तुमचा अभ्यास करणारा?"

"तुमचा स्वतःचा भाऊ गेलाय मास्तर."

"गेलाय असं ऐकलंय," मास्तर म्हणाले. "दिवाळीनंतर या."

मास्तर मुसलमानांचंही लिहिणार, ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दाराला कुणीतरी शेण फासलं. शाळेत मुलं कमी झाली. बाजारात ईरण्णा तेली, ज्याच्या मुलाला मास्तरांनी फुकट शिकवलं होतं, त्यांना तोंडावर म्हणाला, "भावाच्या रक्ताची बी चाड न्हाई व्हय तुम्हाला?" मास्तरांनी तेलाची बुधली त्याच्यापुढे ठेवली आणि निमूट उभे राहिले. त्यानं तेल दिलं नाही. ते रिकामी बुधली घेऊन परत आले. मास्तर किती मोठे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. कालपर्यंत मी त्यांची टिंगल करत होतो, त्या दिवसानंतर केली नाही.

मी त्यांच्याबरोबर साक्षी घ्यायला गावोगाव जाऊ लागलो. माझ्या चुलत्यांचा त्या भागात दरारा होता, त्यामुळे मी सोबत असलो की मास्तरांच्या अंगावर कुणी येत नसे. त्याच फिरतीत आम्ही एका गावी गेलो. नाव सांगत नाही. ज्यांनी केलं त्यांची नातवंडं तिथे नांदताहेत आणि ती पोरं चांगली आहेत.

गावाच्या कडेला ओढा, ओढ्याकाठी पिंजाऱ्यांची घरं. बहुतेक पडलेली. एका अर्ध्या जळक्या घरात एक बाई एकटीच राहत होती. हुसेनबी तिचं नाव. नवऱ्याची कापूस पिंजायची कमान तेवढी शाबूत राहिली होती, ती भिंतीला टेकवून ठेवली होती. मास्तर अंगणातच मातीत बसले.

"मास्टरसाब, आजपर्यंत कुणी इचारायला आलं न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही कामून आलाव?"

"लिहायला."

"आमचं बी लिहिताव?"

"पाहिलेलं सगळं लिहितो. बाई, त्या दिवशी सकाळी तुम्ही काय करत होता?"

तिनं सांगितलं. ती भाकरी थापत होती, नवरा मौलाली दारात बसून कमानीला तातीची दोरी बांधत होता. माणसं आली, त्याला ओढत नेलं, ओढ्याच्या उतारावर मारलं. तिनं नावं सांगितली. त्यातलं एक नाव आमच्या सोयऱ्यातलं होतं. मास्तरांनी ते लिहिताना माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. मी मान खाली घालून बसलो.

लिहून झालं. मास्तर उठू लागले तेव्हा ती म्हणाली, "अजून एक लिहा. त्याचं बी कुणी लिहिलं नसंल."

"कुणाचं?"

"नाव ठावं न्हाई. भटजी होता. उन्हाळ्यात."

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर मात्र परत खाली बसले, नवी चिठ्ठी काढली, आणि त्याच आवाजात म्हणाले, "तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"वड्यावर गोधड्या धूत होते. पलीकडून रझाकारांनी धरून आणला त्याला. म्या करवंदीच्या जाळीमागं दडले."

"त्याच्या अंगावर काय होतं?"

"धोतर, उपरणं. अनवाणीच होता. वहाणा काखंत धरल्या होत्या, नव्या कोऱ्या. मला वाटलं बी, पाय भाजायलेत आन् हा वहाणा काखंत कामून धरतोय."

मास्तरांचा टाक थांबला.

"पायाला चावत होत्या त्याला," ते म्हणाले.

साक्षीदाराला त्यांनी स्वतःहून काही सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. हुसेनबीला कळलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. ते लोक गेल्यावर मौलालीनं त्या भटजीला ओढ्यापलीकडच्या चिंचेखाली पुरलं होतं. "तुमच्यात जाळत्यात ते ठावं होतं त्येंना. पण धूर दिसला असता तर आम्हाला बी सोडलं नसतं. माती टाकताना माफ करा, माफ करा म्हणत होते. वहाणा बी संगंच ठेवल्या."

"सांगितलं कामून न्हाई कुणाला?" हे मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"कुणाला सांगावं अण्णा? रझाकारांना कळलं असतं तर त्यांनी मारलं असतं. तुमच्या लोकांना सांगितलं असतं तर म्हणले असते, तुम्हीच मारलाव. तुमचे लोक ह्येंना मारायला आले तवा तरी सांगायला पाहिजे होतं, की म्या तुमच्या माणसाला माती दिलीय म्हणून. तोंडातून शब्द निघाला न्हाई त्येंच्या."

आम्ही चिंचेखाली गेलो. मास्तरांनी वाकून मातीला हात लावला. मग उभे राहिले आणि हुसेनबीच्या घराकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. मी आयुष्यात पुष्कळ देव पाहिले, पण तेवढ्या मनापासून जोडलेले हात पाहिले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा मालतीबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज कुणाचं लिहिलं?"

"वादिराजाचं," मास्तर म्हणाले.

सोलणारा हात थांबला. "पाहिलं की ऐकलं, भावजी?"

"पाहिलंय. एका बाईनं पाहिलंय."

"खूण?"

"वहाणा काखेत होत्या."

मालतीबाई थोडंसं हसल्या. खरंच हसल्या, आणि मग तो चेहरा कसा मोडला ते मला लिहिता येत नाही. त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळ कोरं होतं. मी ओसरीच्या खांबाला धरून पोरासारखा रडलो. मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं, चिंचेचं, माती टाकताना मागितलेल्या माफीचं, आणि मौलालीचं पुढे काय झालं तेही.

दोन दिवसांनी मालतीबाई स्वतः त्या गावी आल्या. मास्तरांचे चुलते आले नाहीत. वादिराजाला चिंचेखालून काढून मास्तरांनी ओढ्याकाठी अग्नी दिला. हुसेनबी लांब उभी होती. मालतीबाईंनी जाऊन तिच्या हाताला धरलं आणि जवळ आणून उभं केलं. धूर सरळ वर जात होता आणि या वेळी तो कुणापासून लपवायचा नव्हता.

दिवाळीनंतर पांडुरंगराव आले. मास्तरांनी कणगीतून पिशव्या काढून समोर ठेवल्या. पांडुरंगरावांनी पांढरी उघडली आणि चिठ्ठ्या चाळत बसले. चाळता चाळता एके ठिकाणी थबकले. दोन चिठ्ठ्या एकमेकींना दोऱ्यानं शिवलेल्या होत्या, बारीक, घट्ट टाके घालून.

"मास्तर, एक घटना एक चिठ्ठी, हा तुमचाच नियम. एक वैशाखातली आणि एक भाद्रपदातली. ह्या कुणी शिवल्या?"

मास्तर काही बोलायच्या आत आतून मालतीबाईंचा आवाज आला. "मी शिवल्यात. उसवू नका."

पांडुरंगरावांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. एकीवर वादिराज, एकीवर मौलाली पिंजारी. वाचून झाल्यावर चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या, आणि होत्या तशा पिशवीत ठेवल्या. पिशवीचं तोंड बांधून ती काखोटीला मारली. भाद्रपदातल्या चिठ्ठ्या काढून ठेवा, असं ते पुन्हा म्हणाले नाहीत.